मधली काळी तार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या मुलांच्या पुरवणीत घरच्या घरी १२ व्होल्टचा डीसी पुरवठा कसा करायचा याची आकृती आणि खाली दहा-बारा ओळींची कृती छापून आली होती. हे पत्र त्याबद्दल आहे. पत्र लांबणार, हे आधीच सांगून ठेवतो. कापायचे झाल्यास माझ्या आठवणी कापा, आकडे कापू नका.

मी कराडजवळच्या एका गावात राहतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या मुलांना ३१ वर्षे शिकवले, २०१५ साली निवृत्त झालो. गावात कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाचा टीव्ही लागेना झाला की अजून माझ्याच ओट्यावर येऊन पडतो. शेजारच्या घरात नववीतली एक मुलगी आहे. तिने आपली आकृती कात्रीने नीट कापून वहीत चिकटवली, बाबांच्या मागे लागून कराडच्या दुकानातून सामान आणले आणि एका शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर सगळे जोडले. सोल्डरिंग आयर्न माझेच नेले होते. 'सर, मीच करणार, तुम्ही नंतर बघा,' असे बजावून गेली. मला बरेच वाटले. हातात आयर्न धरणारी मुले आता फार दिसत नाहीत.

दोन-तीन मिनिटे सगळे ठीक होते. मग फटाका वाजावा तसा आवाज झाला. मी चपला न घालताच धावलो. टेबलावर पांढरा धूर, खारवलेल्या मासळीसारखा उग्र वास आणि पुस्तकांवर कापसाचे पुंजके पडावेत तसा कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागाच्या, आतला कागद. कपॅसिटरचे निळे टरफल पंख्याच्या बाजूला उडाले होते. मुलगी फोटो काढायला मोबाइल आणायला म्हणून उठली होती, तेवढ्यानेच वाचली. एरवी ती तोंड अगदी खाली घालून बसते, चष्मा असूनही.

प्लग काढला आणि पहिल्यांदा तिला पाणी पाजले. मग विचारले, 'कपॅसिटर उलटा लावलास का?' बहुतेक वेळा तेच असते. अंगावर पट्टी असलेला पाय निगेटिव्ह, ही गोष्ट मी आयुष्यात किती हजार वेळा सांगितली असेल देव जाणे. पण नाही, तिने पट्टी बरोबर लावली होती. वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चारही डायोडच्या चंदेरी कड्या आकृतीप्रमाणे, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या ७८१२ या आयसीचे तीन पायही बरोबर. सोल्डर तर माझ्या पहिल्या वर्षाच्या कित्येक पोरांपेक्षा चांगले, चकचकीत आणि गोळा न झालेले. मुलीने चूक केली नव्हती, संपादक महाशय. तिने आपली आकृती जशीच्या तशी उतरवली होती.

आकृतीत ट्रान्सफॉर्मरच्या डाव्या बाजूला दोन रेषा, उजव्या बाजूला दोन रेषा आणि वर '१२ व्होल्ट' एवढेच आहे. मुलगी दुकानात जाऊन 'बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर द्या' म्हणाली. आता आमच्याकडच्या कोणत्याही दुकानात असे म्हटले की दुकानदार मागच्या फळीवरून जो काढून देतो तो १२-०-१२ असतो. त्याला उजवीकडे दोन नाही, तीन तारा असतात. तिच्या ट्रान्सफॉर्मरला दोन पिवळ्या आणि मधोमध एक काळी होती. तिने विचार केला की आकृतीत दोनच तारा आहेत, दोन पिवळ्या एका जोडीतल्या दिसतात, तेव्हा त्या घ्याव्यात. काळी तार तिने टोकाला टेप लावून व्यवस्थित बाजूला दुमडून ठेवली होती. ती टेप पाहून मला हसूही आले आणि पोटात कालवलेही. किती नीटनेटकेपणाने चुकली होती पोरगी!

१२-०-१२ चा अर्थ असा की मधल्या तारेपासून एका पिवळीपर्यंत १२ व्होल्ट आणि दुसऱ्या पिवळीपर्यंतही १२ व्होल्ट. पिवळी ते पिवळी धरले की २४. त्यातही हे आकडे पूर्ण भार टाकल्यावरचे, म्हणजे जोडलेले उपकरण पूर्ण करंट घेत असतानाचे असतात. लहान ट्रान्सफॉर्मर मोकळा असला की जास्तच दाखवतो. मी मीटर लावला तर दोन पिवळ्यांमध्ये २७ व्होल्ट एसी होते. एसीचे डीसी करताना कपॅसिटर भरतो तो लाटेच्या शेंड्यापर्यंत, म्हणजे १.४१ पट. २७ चे झाले ३८. चार डायोडच्या पुलात एका वेळी दोन वाटेत येतात, त्यांत साधारण १.४ व्होल्ट जातात, तरी साडेछत्तीस उरतात. आपल्या आकृतीत कपॅसिटर आहे १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा. त्याने दोन-तीन मिनिटे कळ काढली, हेच पुष्कळ. ७८१२ ला आत यायला ३५ व्होल्टची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे तोही गेला.

दुकानदाराला मी दोष देत नाही. तो वर्षानुवर्षे तेच विकतो आणि घेणारा बहुधा जाणता असतो. दोष आकृतीतल्या दोन रेषांचा आहे. जी वस्तू बाजारात तीन तारांची मिळते ती चित्रात दोन तारांची दाखवली, तर तिसरीचे काय करायचे हे मुलाने कुणाला विचारायचे? शहरात कॉलेजात जाणारा भाऊ असतो, कोपऱ्यावर क्लास असतो. इथे मी होतो म्हणून भागले, आणि मीही अपघात झाल्यावरच पोचलो.

आता दुसरी गोष्ट. समजा दुकानदाराने खरोखर दोन तारांचा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दिला असता, तर काही फुटले नसते. पण ती आकृती आमच्या गावात चाललीही नसती. सविस्तर सांगतो, कारण ही चूक मोठमोठ्या पुस्तकांच्या नकलांतही दिसते.

७८१२ हा बारा व्होल्ट निर्माण करत नाही. तो वरचे जास्तीचे खातो आणि बारा तेवढे पुढे सोडतो. टाकीखाली कॉकवर हात ठेवून बसलेला माणूस डोळ्यासमोर आणा. टाकी वर-खाली होते, बाहेर कुणी बादली लावतो तर कुणी तांब्या, पण हा नजर ठेवून कॉक कमी-जास्त करत राहतो आणि धार एकसारखी ठेवतो. आत खरेच तसे आहे: एक स्थिर संदर्भ व्होल्टेज, बाहेरच्या व्होल्टेजची त्याच्याशी सतत तुलना करणारा भाग आणि त्याच्या सांगण्यावरून उघडमीट करणारा ट्रान्झिस्टर. पण कॉकला काम करायला टाकीत पाणी तर हवे. ७८१२ ला बाहेरच्या बारावर किमान दोन व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे आत सतत १४. सरासरी १४ असून भागत नाही, दोन लाटांमधल्या खोलगट जागीसुद्धा १४ च्या खाली जाता कामा नये.

हिशेब करू. १२ व्होल्टचा शेंडा १७, पुलाचे १.४ वजा, उरले साडेपंधरा. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. लाटेचे दोन्ही अर्ध वापरले की कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो आणि मधल्या वेळात भाराकडे रिकामा होतो. किती रिकामा होतो हे काढायला करंटला १०० ने आणि कपॅसिटरच्या फॅरडने भागायचे. १००० मायक्रोफॅरड म्हणजे ०.००१ फॅरड. २०० मिलिअँपिअर घेतले तर ०.२ भागिले ०.१, म्हणजे दोन व्होल्ट. साडेपंधरातून दोन गेले, साडेतेरा. १४ च्या खाली. कृतीत तर 'अर्धा अँपिअरपर्यंत वापरता येईल' असे लिहिले आहे. अर्ध्या अँपिअरला पाच व्होल्टचा खड्डा पडतो. प्रत्यक्षात थोडा कमी पडेल, कारण कपॅसिटर भरायलाही काही वेळ जातो, पण बारा तुटायचे ते तुटणारच. लाटेच्या प्रत्येक खड्ड्यात ७८१२ हात टेकतो आणि सेकंदाला १०० वेळा हात टेकला की त्याचा आवाज येतो. रेडिओला, टेपरेकॉर्डरला लावा, भुंगा गुणगुणल्यासारखे ऐकू येईल. (जाता जाता: हीच गुणगुण जाड, खालच्या पट्टीत यायला लागली तर समजा एखादा डायोड तुटलाय किंवा सुटलाय. शंभराची पन्नास झाली. मी पोरांना आधी कानानेच ओळखायला लावत असे, मीटर नंतर.)

आणि हे सगळे घरात २३० व्होल्ट येतात असे धरून. आमच्या वस्तीवर ऊस भिजवायच्या दिवसांत पंप सुरू झाले की संध्याकाळी १८० पर्यंत उतरते. माझ्या भिंतीवर मीटर आहे, त्यात १७४ ही पाहिले आहेत. १८० ला त्याच १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून ९.४ निघतात, शेंडा १३.३, पुलानंतर १२ च्या आसपास. आतच बारा, तर बाहेर बारा कुठून येणार? आणि रात्री पंप बंद झाले की तीच वीज २५० ला जाते. नावात 'नियंत्रित' असलेला पुरवठा जिथे विजेवर नियंत्रण नाही तिथेच खरा कामाचा. १२ व्होल्ट काढायचेच असतील तर १५ चा ट्रान्सफॉर्मर आणि २२०० मायक्रोफॅरड घ्या, १८० व्होल्टलाही २०० मिलिअँपिअरपर्यंत निभावते. काठावर, पण निभावते.

असो. मुलीकडे येतो. ती दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली आणि म्हणाली, 'सर, परत करायचंय. पण बाबा म्हणतात, आता खर्च नाही.' ट्रान्सफॉर्मर शाबूत होता, डायोड मीटरवर तपासले, चारही चांगले निघाले. म्हटले, खर्च तीस-चाळीस रुपये, तो माझ्याकडे लागला. पण आधी सांग, या बारा व्होल्टवर तू चालवणार काय आहेस? ती गप्प. आपल्या कृतीतही ते लिहिलेले नाही, 'विविध उपकरणांसाठी उपयुक्त' एवढेच आहे. आयटीआयत मी फळ्यावर आकृती काढण्याआधी भार काढत असे. काय चालवायचे, किती व्होल्ट, किती करंट, हे आधी. मग उजवीकडून डावीकडे, भिंतीच्या प्लगपर्यंत मागे यायचे. सगळीकडे उलटे शिकवतात.

तिच्या आजीचा रेडिओ आहे, चार मोठ्या सेलचा. आजी पहाटे भक्तिगीते आणि संध्याकाळी बातम्या ऐकतात. सेल उतरले की नातवंडांच्या मागे लागतात, मग नवीन येईपर्यंत जुने उन्हात ठेवतात. चार सेल म्हणजे सहा व्होल्ट. सेलच्या वाटेत मीटर घालून मोजले: हळू आवाजात ३० मिलिअँपिअर, मोठ्याने लावला की १०० च्या आसपास. ठरले, ७८१२ चाच सहा व्होल्टचा भाऊ, ७८०६.

तेवढ्यात तिचे काका म्हणाले, 'सर, कशाला एवढा खटाटोप? मोबाइलचा चार्जर लावा की. पाच व्होल्ट असतात, चालेल.' प्रश्न रास्त होता. एलईडीची माळ असती, छोटा पंखा असता, तर मीही तेच सांगितले असते. चार्जर हलका असतो, फार तापत नाही, वीज फारशी वाया घालवत नाही. आमच्या या जुन्या पद्धतीच्या पुरवठ्यात जास्तीचे व्होल्ट शुद्ध उष्णता होऊन जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही खरेच चार्जर लावून पाहिला. रेडिओ सुरू झाला, पण मीडियम वेव्हवर स्टेशनच्या जागी पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. चार्जरच्या आतला स्विच सेकंदाला हजारो वेळा, काहींत लाखभर वेळा उघडमीट करतो आणि त्याच्या पटीतल्या लहरी नेमक्या मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येऊन बसतात. आजी म्हणाल्या, 'मास्तर, ह्यो काय बातम्या सांगंना.' काकांनी हसत चार्जर काढून घेतला.

मग त्याच ट्रान्सफॉर्मरवर काम सुरू केले. १२-०-१२ असेल तर चार डायोड लागतच नाहीत. दोन पिवळ्यांना एकेक १एन४००७ डायोड, दोघांच्या कड्या असलेली टोके एकत्र, तो पॉझिटिव्ह. आणि बाजूला दुमडलेली ती काळी तार हाच निगेटिव्ह. मुलीने स्वतः टेप सोडवली. अर्ध्या लाटेला वरची पिवळी काम करते, अर्ध्याला खालची. वाटेत एकच डायोड, म्हणजे पुलात जातात त्यातले ०.७ व्होल्ट वाचले. कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचाच, पण ३५ व्होल्टचा. मोकळ्यावर १८ व्होल्ट आले, रात्री वीज चढली की एकवीसपर्यंत जातील. २५ चाही चालला असता. पण पहिला ज्याच्या टेबलावर फुटला त्याच्या मनाला ३५ च बरा.

७८०६ च्या पायांशी, अगदी पायांशी, दोन लहान कपॅसिटर लावले: आत येणाऱ्या बाजूला ०.३३ मायक्रोफॅरड, बाहेरच्या बाजूला ०.१. आपल्या आकृतीत हे नाहीत. पुष्कळदा त्यांच्यावाचून चालते, म्हणूनच लोक गाळतात. आणि एखाद्या दिवशी मुख्य कपॅसिटर चार-सहा इंच दूर असला की आयसी स्वतःच थरथरायला लागतो, आणि कारण शोधता शोधता अर्धा दिवस जातो.

उष्णतेचे गणित मुलीलाच करायला लावले. आत साधारण १६, बाहेर ६, मध्ये १० व्होल्ट, १०० मिलिअँपिअर, म्हणजे एक वॉट. 'एक वॉट म्हणजे काहीच नाही ना सर?' मी हीट सिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, न लावता दहा मिनिटे रेडिओ मोठ्याने वाजू दिला आणि म्हटले, बोट लाव. लावले आणि झटकले. उघड्या ७८०६ चे आतले तापमान दर वॉटला ६५ अंशांच्या आसपास चढते. त्यात आमच्या उन्हाळ्याचे ४० मिळवा. आयसी जळणार नाही, फार तापला तर तो स्वतःच बंद होतो, एवढी अक्कल त्यात घातलेली आहे. पण मग आजीच्या बातम्या अर्ध्यात बंद पडू शकतात. खिडकीच्या स्लायडिंगच्या अॅल्युमिनियम पट्टीचा दोन इंची तुकडा कापला, भोक पाडले, स्क्रूने आवळला. ७८ च्या घराण्यात पाठीचा पत्रा निगेटिव्हलाच जोडलेला असतो, त्यामुळे मध्ये वीज अडवणारे अभ्रक नसले तरी चालते. ७९ च्या, म्हणजे निगेटिव्ह व्होल्ट देणाऱ्या, घराण्यात तसे नाही, पायांचा क्रमही वेगळा. ७८०५ मिळाला नाही म्हणून ७९०५ घेऊन आलेली मुले मी दरवर्षी पाहिली आहेत. व्होल्ट हवे तसे बदलता येणाऱ्या एलएम३१७ चे पाय तर आणखी तिसऱ्याच क्रमाने. नंबर वाचल्याशिवाय आयर्न उचलायचे नाही.

आमच्या वेळी या तयार आयसींचे सुखही नव्हते, म्हणजे मिळत होते पण आयटीआयच्या स्टोअरमध्ये नव्हते. बीवाय१२७ चे डायोड, ६.८ व्होल्ट धरून ठेवणारा झीनर डायोड आणि एसएल१०० ट्रान्झिस्टर. झीनरमधून ट्रान्झिस्टरचे ०.७ गेले की ६.१ उरायचे, सहा म्हणून चालवून घ्यायचो. सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून यायचे, एखादी जास्त अडचणीची वस्तू असली तर मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्याकडे चिठ्ठी द्यायची. आणि बाजारात मिळायचे ते बॅटरी एलिमिनेटर, सेलऐवजी भिंतीच्या विजेवर रेडिओ चालवायचे डबे. तोंडावर ३ पासून १२ पर्यंत फिरवायचे बटण आणि वायरच्या टोकाला चार पायांचा खेकडा असावा तसा प्लग. सहावर ठेवून मीटर लावला तर मोकळ्यावर नऊ-दहा व्होल्ट दाखवायचा. त्याने मारलेले ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करून मी बाहेरचे चार पैसे मिळवले, तेव्हा त्याच्याबद्दल वाईट बोलणे कृतघ्नपणाचे होईल. असलेच डबे आज राउटरचे, सेटटॉप बॉक्सचे 'बारा व्होल्ट' म्हणून फुटपाथवर मिळतात. काही चांगले असतात, काहींत मोकळ्यावर १७ निघतात. घेतल्यावर एकदा मीटर लावावा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. माझा खरा राग इथे आहे. आपल्या आकृतीत डावीकडच्या दोन रेषांवर '२३० व्होल्ट एसी' लिहिले आहे आणि संपले. उजवीकडची चूक झाली तर कपॅसिटर फुटतो. डावीकडची झाली तर मूल जाते. मुलीने ट्रान्सफॉर्मरच्या तारांना पंख्याच्या जुन्या दोन पिनी प्लगची वायर पीळ मारून जोडली होती, वर टेप. टेप आमच्याकडच्या उन्हात महिन्याभरात सुटते. फ्यूज नाही. डबा नाही, सगळे जेवणाच्या टेबलावर उघडे.

आम्ही जे केले ते लिहितो. डावीकडचे सगळे काम मी केले, तिने बसून पाहिले. याबाबतीत मी मुलांचे ऐकत नाही. जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवली. फेज वायरमध्ये आधी २५० मिलिअँपिअरचा काचेचा फ्यूज आणि मग स्विच. फ्यूज होल्डर दहा-पंधरा रुपयांना मिळतो, ट्रान्सफॉर्मर पेटला तर घर वाचवतो. वायर डब्यात शिरते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारे रबरी कडे, आणि आत गाठ, म्हणजे कुणी बाहेरून ओढली तर ताण जोडावर येणार नाही. डबा श्रीखंडाचा, प्लॅस्टिकचा, झाकणाला उष्णतेसाठी भोके. पत्र्याचा डबा घेतला असता तर तीन पिनी प्लग आणि अर्थिंगची तार डब्याला घट्ट जोडणे अनिवार्य झाले असते. पहिल्यांदा वीज दिली ती थेट भिंतीतून नाही. माझ्या सिरीज बोर्डवर ६० वॉटचा बल्ब मध्ये घालून दिली. बल्ब भकभकून पेटला असता तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून प्लग काढायचा. नुसती लालसर तार दिसली किंवा काहीच दिसले नाही तर ठीक. आता पिवळे बल्ब दुकानात सहज मिळत नाहीत, मी अर्धा डझन जपून ठेवले आहेत.

बाहेर ६.०४ व्होल्ट. रेडिओ जोडला, आवाज मोठा केला, ६.०३. मुलगी तीन वेळा आवाज लहान-मोठा करून मीटरकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'थांबा, पंप सुरू होऊ देत.' हे मला सुचले नव्हते. साडेसहाला वीज १८२ वर आली, घरातल्या ट्यूबा लुकलुकायला लागल्या. मीटरवर ६.०३. गुणगुण नाही. आजींनी रेडिओ कानाला लावून पाहिला, मागची सेलची खोकी उघडून आत रिकामी आहे याची खात्री केली आणि विचारले, 'मग सेल परत दुकानात घेतील का?' त्यांनी दोन दिवसांपूर्वीच नवीन चार आणले होते.

अशा आकृत्या छापणे बंद करा असे माझे मुळीच म्हणणे नाही. तसे झाले तर माझ्यासारख्याला वाईटच वाटेल. ती आकृती आली नसती तर ही मुलगी माझ्याकडे आयर्न मागायला आली नसती. मागणे एवढेच आहे की दुरुस्ती छापावी, आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक टायपात न छापता जिथे आकृती होती तिथेच, तेवढ्याच आकारात. पुढच्या वेळी आकृती काढणाऱ्याने दुकानात जाऊन, वस्तू हातात घेऊन, तिच्या तारा मोजून मग चित्र काढावे. २३० व्होल्टच्या बाजूच्या कृतीला निम्मी जागा द्यावी आणि ते काम मोठ्या जाणत्या माणसाने करायचे असे ठळक टायपात छापावे. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आणखी दोघा मुलांनी तीच आकृती कापून ठेवली आहे असे मुलगी सांगते. त्या दोघांना मी बोलावले आहे. बाकीच्या गावांतल्यांना आपणच गाठू शकता.

आपला,
एक निवृत्त निदेशक
ता. कराड, जि. सातारा

सोबत:
१) १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड आणि ७८०६ वापरून केलेली आकृती, मधली तार लाल शाईने दाखवली आहे. मुलीने काढली आहे, मी तपासली आहे.
२) फुटलेला कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, कागदात गुंडाळून. आपल्या चित्रकारांना दाखवावा, परत पाठवायची गरज नाही.